आधी कोण मरणार?

१९९६ साली आलेल्या 'स्क्रीम'ची सुरुवात एका फोनने होते. हायस्कूलमध्ये शिकणारी केसी बेकर घरात एकटी आहे, शेगडीवर पॉपकॉर्न फुटतायत, व्हिडिओवर भयपट बघायचा बेत आहे. फोनवरचा अनोळखी आवाज आधी लाडीगोडीने बोलतो, मग धमक्यांवर येतो आणि शेवटी चक्क प्रश्नमंजुषा मांडतो. केसीचा मित्र बाहेर अंगणात खुर्चीला बांधलेला आहे, तिची उत्तरं बरोबर आली तरच तो वाचणार आहे. 'हॅलोविन'मधला खुनी कोण? मायकल मायर्स. बरोबर. 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधला खुनी कोण? केसी क्षणाचाही विचार न करता ओरडते, जेसन! हा चित्रपट आपण वीस वेळा पाहिलाय, असंही ती ठासून सांगते. तरी उत्तर चुकतं. १९८० च्या मूळ चित्रपटात जेसन खुनी नव्हताच, खून त्याच्या आईने केले होते. मित्र मरतो आणि पाठोपाठ केसीही. ती भूमिका करणारी ड्रू बॅरीमोर पोस्टरवर सर्वांत ठळकपणे झळकत होती. चित्रपट सुरू होऊन पंधरा मिनिटंही झालेली नसताना ती संपते.

केसीसारखी चूक असंख्य प्रेक्षकांनी केली असती. हॉकीचा मुखवटा चढवून कोयता परजत फिरणारा जेसन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो. प्रत्यक्षात पहिल्या भागात तो केवळ शेवटच्या दचक्यापुरता येतो, दुसऱ्या भागात (१९८१) त्याच्या डोक्यावर गोणपाट आहे आणि तो प्रसिद्ध मुखवटा मिळतो थेट तिसऱ्या भागात, १९८२ साली. आठवणीत मात्र हे तीन चित्रपट एकमेकांत मिसळून गेले आहेत. स्लॅशरपटांतल्या साचेबद्ध पात्रांचंही असंच झालं आहे. सोज्वळ मुलगी वाचते, विनोद करणारा मरतो, प्रेमी जोडपं सगळ्यांत आधी जातं, पोलिस उशिरा येतात, ही सूत्रं चित्रपट न पाहिलेल्यालाही पाठ असतात. त्यांतली काही पडद्यावर खरोखर आहेत, काही प्रेक्षकांनी, समीक्षकांनी आणि नंतरच्या पटकथाकारांनी मागाहून पक्की केली. ही पात्रं आली कुठून, त्यांच्याकडे काम काय होतं आणि त्यांच्या सवयींचे नियम कधी झाले, हे पाहिलं तर या बदनाम चित्रप्रकाराची घडण बरीचशी उलगडते.

स्लॅशरपटाचा सांगाडा दोन वाक्यांत सांगता येतो. एकच मारेकरी, बहुधा मुखवट्याआडचा, तरुण मुलामुलींच्या एका घोळक्याला धारदार हत्याराने एकेक करून संपवतो आणि शेवटी एक मुलगी त्याच्यासमोर उभी ठाकते. जागा आडबाजूची किंवा आडबाजूला पडलेली असते: उन्हाळी शिबिर, सुट्टीत ओस पडलेलं वसतिगृह, आईवडील बाहेर गेलेलं उपनगरातलं घर. सुरा, कुऱ्हाड, करवत, कोयता काहीही चालतं, पण बंदूक सहसा नसते, कारण मारणारा मरणाऱ्याच्या अगदी अंगाशी यायला हवा.

असल्या चित्रपटांतली माणसं ठोकळेबाज आहेत, हा आक्षेप पहिल्यापासून घेतला गेला आणि तो खराही आहे. पण ठोकळेबाज पात्र म्हणजे लेखकाचा आळसच, असं मराठी प्रेक्षकाने तरी मानू नये. तमाशात गवळणींबरोबर मावशी आली की ती कोण, कुठली, हे कुणी विचारत नाही. ती काय करणार हे ठाऊक असतं, आज ती ते कसं करते एवढंच बघायचं असतं. मुलांनी भरलेली गाडी शिबिराच्या फाटकातून आत शिरते, तेव्हा स्लॅशरचा प्रेक्षकही तसाच सरसावून बसतो आणि मनातल्या मनात क्रम लावू लागतो.

या क्रमाला पहिला सुरुंग लावला तो, गंमत म्हणजे, हा चित्रप्रकार जन्माला येण्याआधीच. आल्फ्रेड हिचकॉकच्या 'सायको'मध्ये (१९६०) जॅनेट ली ही नावाजलेली नटी मॅरियन क्रेनच्या भूमिकेत आहे. पैसे चोरून पळालेल्या मॅरियनची ही गोष्ट आहे असं समजून प्रेक्षक तिच्याबरोबर आडरस्त्यावरच्या मोटेलात मुक्कामाला येतो आणि अर्धा चित्रपट व्हायच्या आत ती न्हाणीघरात भोसकली जाते. खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडू नये, अशी तंबी हिचकॉकने चित्रपटगृहांना दिली होती. उशिरा येणारा प्रेक्षक जॅनेट ली कुठे आहे, हेच शोधत बसला असता. पुढे मॅरियनची बहीण लायला तिचा माग काढत त्या घराच्या तळघरात उतरते आणि प्रेताच्या रूपातल्या आईचं रहस्य उघड करते. सुरा उगारून आलेल्या नॉर्मन बेट्सला रोखतो मात्र मॅरियनचा प्रियकर सॅम लूमिस. धोक्याच्या जागी स्वतःच्या पायांनी जाणारी मुलगी १९६० सालीच तयार होती, तिला अजून स्वतःचा जीव स्वतः वाचवता येत नव्हता एवढंच.

ते १९७४ च्या ऑक्टोबर महिन्यात जमलं, तेही दोनदा. टोबी हूपरचा 'द टेक्सस चेन सॉ मॅसेकर' आणि कॅनडात बनलेला बॉब क्लार्कचा 'ब्लॅक ख्रिसमस' एकाच महिन्यात पडद्यावर आले. हूपरच्या चित्रपटात पाच तरुण एका व्हॅनमधून निघतात आणि सॅली ही एकटीच उरते. ती कुणाला मारत नाही. ती पळते, किंचाळते, खिडकीच्या काचा फोडून उडी टाकते आणि एका पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यात रक्ताने माखलेल्या अवस्थेत वेड्यासारखी हसत निसटते. 'ब्लॅक ख्रिसमस'मध्ये नाताळच्या सुट्टीत मुलींच्या वसतिगृहात घाणेरडे फोन येत राहतात आणि मारेकरी माळ्यावर लपलेला असतो. तिथे शेवटपर्यंत टिकते ती जेस. 'सोज्वळ मुलगीच वाचते' हा नियम मानायचा, तर जेस पहिल्या फटक्यात गेली पाहिजे. ती गरोदर आहे, लग्न झालेलं नाही, गर्भपात करण्याचा तिचा निर्णय ठाम आहे आणि त्यावरून भांडणाऱ्या प्रियकराला ती स्पष्ट नकार देते. पुढे ज्या पात्राची कुमारिका म्हणून ख्याती झाली, त्याच्या पहिल्याच घरात हे असं चित्र होतं.

मग १९७८ साली जॉन कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांचा 'हॅलोविन' आला. सुमारे तीन लाख डॉलर्सचं बजेट होतं. इलिनॉयमधल्या हॅडनफील्ड नावाच्या काल्पनिक गावातला शरद ऋतू दाखवायचा होता आणि चित्रीकरण चाललं होतं कॅलिफोर्नियात, वसंतात. त्यामुळे रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची, असा उद्योग चालला. मारेकऱ्याचा चेहरा म्हणून बाजारातून 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा स्वस्तातला रबरी मुखवटा आणला आणि पांढरा रंगवला. लॉरी स्ट्रोडच्या भूमिकेसाठी नवखी जेमी ली कर्टिस घेतली. ती जॅनेट लीची मुलगी. न्हाणीघरात मेलेल्या नायिकेची लेक आता वाचणारी नायिका झाली. मुलींच्या तोंडचे बहुतेक संवाद डेब्रा हिलने लिहिले, म्हणून लॉरी, अ‍ॅनी आणि लिंडा शाळेतून घरी येताना ज्या गप्पा मारतात त्या अजूनही खऱ्या वाटतात.

'हॅलोविन'ने एकट्या अमेरिकेत साडेचार कोटी डॉलर्सहून अधिक धंदा केला आणि निर्मात्यांची रांग लागली. शॉन कनिंगहॅमने तर पटकथा हातात नसताना 'फ्रायडे द थर्टीन्थ' या नावाची जाहिरात 'व्हरायटी'त देऊन टाकली. मोठा तारा लागत नाही, एकच बंगला किंवा एकच शिबिर पुरतं, रक्ताची जादू करणारा टॉम सॅव्हिनीसारखा एक कसबी रंगभूषाकार असला की झालं, हे गणित सगळ्यांना कळलं होतं. कॅनडात चित्रपटातल्या गुंतवणुकीवर करसवलत होती, त्यामुळे 'प्रॉम नाइट', 'टेरर ट्रेन' आणि 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' तिकडे बनले. साचेबद्ध पात्रांचं पीक आलं ते या १९८० ते १९८३ च्या हंगामात. नव्वद मिनिटांत आठ-दहा अनोळखी चेहरे ओळखू यावेत, लक्षात राहावेत आणि एकेक करून नाहीसे व्हावेत, हे साधायचं तर प्रत्येकाच्या हातात एक ठरलेलं काम देण्यावाचून इलाज नव्हता.

पहिलं काम इशारा देण्याचं. 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये सायकलवरून हिंडणारा म्हातारा रॅल्फ शिबिराला निघालेल्या मुलांना सांगत सुटतो की तिथे मरणाचा शाप आहे. त्याचा चेहरा, कपडे, बोलणं सारं असं रचलं आहे की त्याच्यावर विश्वास ठेवणारा मूर्ख ठरावा. यातून पटकथेची एक मोठी अडचण सुटते. धोका प्रेक्षकाला आधी कळला पाहिजे आणि पात्रांनी तरीही पुढे गेलं पाहिजे, ही दोन्ही कामं रॅल्फ एका फेरीत उरकतो. दुसऱ्या भागात जेसन त्याचाही गळा आवळतो, म्हणजे भविष्य सांगणाऱ्यालाही सूट नाही. टोबी हूपरने मात्र हे पात्र ठाम होण्याआधीच त्याची खोडी काढून ठेवली होती. पेट्रोलपंपावरचा जो मनुष्य सॅलीच्या मित्रांना त्या जुन्या घराकडे जाऊ नका म्हणतो, तो स्वतःच खुनी कुटुंबातला निघतो.

दुसरा विनोदवीर. त्याच्याशिवाय खोटी भीती निर्माण करता येत नाही. तळ्यात बुडाल्याचं सोंग, दारामागून घातलेली झडप, डोक्यात रुतलेली नकली कुऱ्हाड, यातून प्रेक्षक एकदा दचकतो, हसतो, सैल होतो आणि खरा वार नेमका तेव्हा येतो. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या तिसऱ्या भागातला शेली हा या पात्राचा सर्वांत करुण नमुना आहे. आपण दिसायला बरे नाही, मुली आपल्याकडे बघत नाहीत, या सलापायी तो सतत असले खेळ करत राहतो. त्याचा गळा खरोखर चिरला जातो आणि तो धडपडत मदतीला येतो, तेव्हा समोरच्या मुलीला तीही थट्टाच वाटते. लांडगा आला रे आला, ही गोष्ट इथे शब्दशः घडते. आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात राहत नाही. जेसनचा तो जगप्रसिद्ध हॉकीचा मुखवटा मुळात शेलीच्या चेष्टेच्या सामानातला आहे. मारेकऱ्याला त्याचा चेहरा विदूषकाने दिला. त्याआधीच्या भागातला विनोदवीर टेड मात्र जिवंत राहतो, कारण शिबिराकडे परतण्याऐवजी तो बारमध्येच पीत बसतो.

तिसरं काम प्रेमी जोडप्याचं. घोळक्याला एकटं गाठता येत नाही, घोळका फुटावा लागतो आणि तरुण घोळका फोडण्याचं सर्वांत पटणारं कारण म्हणजे दोघांना एकांत हवा असणं. 'हॅलोविन'मधली लिंडा आणि बॉब, 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधले जॅक आणि मार्सी ही याची गाजलेली उदाहरणं. जॅक म्हणजे तेव्हा फारसा कुणाला माहीत नसलेला केव्हिन बेकन. शरीरसंबंध आणि पाठोपाठ मरण हा क्रम इतक्यांदा आला की त्यातून नीतीचा धडा वाचला जाऊ लागला. कार्पेंटरने हा अर्थ पुन्हा पुन्हा नाकारला आहे. त्याचं म्हणणं साधं होतं: बाकीच्या मुली आपापल्या मित्रांत गुंग आहेत, लॉरीला मित्र नाही, म्हणून तिचं आजूबाजूला लक्ष आहे. खिडकीबाहेर उभी असलेली आकृती तिलाच दिसते. ही लॉरीही काही सती-सावित्री नाही. अ‍ॅनीच्या गाडीत बसून ती गांजाचे झुरके घेते आणि समोर अ‍ॅनीचे शेरीफ वडील दिसताच दोघींची धांदल उडते.

त्या शेरीफपासून चौथ्या कामाकडे येता येतं: मदतीला न पोचणारा अधिकारी. शेरीफ ब्रॅकेट रात्रभर गस्त घालतो आणि स्वतःची मुलगी मारली गेल्याचा त्याला पत्ता नसतो. 'ब्लॅक ख्रिसमस'मधला ठाण्यावरचा सार्जंट इतका बावळट आहे की एका मुलीने फोन नंबर म्हणून सांगितलेला चावट शब्द तो इमानेइतबारे लिहून घेतो. त्याच्यावरचा हुशार अधिकारी जॉन सॅक्सनने रंगवला आहे, पण त्याच्याही हातून घराची नीट झडती होत नाही आणि शेवटी पुन्हा फोन वाजतो. दहा वर्षांनी वेस क्रेव्हनच्या 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'मध्ये (१९८४) हाच सॅक्सन नायिका नॅन्सीचा पोलिस बाप झाला. ती त्याला ठरल्या वेळी ये म्हणून विनवते आणि तो समोरच्याच घरात असून वेळेवर येत नाही. याच्या जोडीला असतो सगळं माहीत असलेला तज्ज्ञ. डोनाल्ड प्लेझन्सचा डॉक्टर लूमिस मायकलविषयी घोगऱ्या आवाजात जे सांगतो, त्यावर अख्खा 'हॅलोविन' तोललेला आहे. त्याचं नाव कार्पेंटरने 'सायको'तल्या सॅम लूमिसवरून घेतलं. पुढे 'स्क्रीम'मध्ये हेच आडनाव नायिकेच्या प्रियकराला मिळालं आणि तो दोन खुन्यांपैकी एक निघाला. तीन चित्रपटांत एकाच आडनावाचा मनुष्य सोडवणारा, सावध करणारा आणि मारणारा झाला.

उरते ती शेवटची मुलगी. तिला 'फायनल गर्ल' हे नाव दिलं कॅरल क्लोव्हर यांनी, १९८७ साली लिहिलेल्या निबंधात, आणि १९९२ च्या 'मेन, विमेन अँड चेन सॉज' या पुस्तकातून ते सर्वदूर गेलं. क्लोव्हर बर्कलीला शिकवत होत्या आणि त्यांचा मूळ अभ्यासविषय होता मध्ययुगीन स्कँडिनेव्हियातल्या सागा. एकाच कथानकाची अनेक रूपं वाचायची सवय असलेल्या अभ्यासकाला या चित्रपटांत काही ओळखीचं दिसावं, हे स्वाभाविकच होतं. त्यांचा मुद्दा तेव्हाच्या समजुतीला छेद देणारा होता. हे चित्रपट पाहणारा तरुण मुलगा खुन्याच्या नजरेने मुलींचे हाल बघून सुखावतो, असं म्हटलं जाई. जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या समीक्षक जोडीने १९८० साली टीव्हीवर यावर अख्खा कार्यक्रम केला होता. क्लोव्हर यांनी दाखवलं की सुरुवातीला कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांतून बघत असला, तरी उत्तरार्धात तो मुलीकडे येतो. कपाटात दडलेल्या लॉरीबरोबर प्रेक्षक दडतो, तिने विणायची सुई खुन्याच्या मानेत खुपसली की तो मुलगाच टाळ्या वाजवतो. ही मुलगी सावध, हुशार, थोडी एकटी, कधी मुलासारख्या नावाची असते, हेही त्यांनीच नोंदवलं.

या निरीक्षणाला आकड्यांची जोड दिली ग्लोरिया कोवन आणि मार्गारेट ओब्रायन यांनी. १९९० साली त्यांनी ५६ स्लॅशरपट तपासले. बळींमध्ये बायकाच जास्त असतात, हा समज त्यात टिकला नाही. उलट वाचणाऱ्यांत बायका अधिक निघाल्या. मात्र ज्या बायका मरतात त्या अधिक आकर्षक आणि लैंगिक पातळीवर अधिक मोकळ्या दाखवलेल्या असतात, हेही त्यातूनच पुढे आलं. म्हणजे नियम हवेतला नव्हता, पण तो लोक मानतात तितका घट्टही नव्हता. 'फ्रायडे द थर्टीन्थ'मधली अ‍ॅलिस बिअर पिते, हरणाऱ्याने एकेक कपडा उतरवायच्या अटीवर मोनोपॉली खेळते, आणि तीच शेवटी जेसनच्या आईचं मुंडकं उडवते. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच ती मारली जाते, त्याचा तिच्या वागणुकीशी काही संबंध नाही.

मारेकरी स्वतःही एक ठरलेलं पात्र आहे. तो बोलत नाही, धावत नाही, तरी कायम पुढे असतो. 'हॅलोविन'च्या श्रेयनामावलीत मुखवट्याआडच्या मायकलला नावही नाही, तिथे फक्त 'द शेप', म्हणजे आकृती, असं लिहिलं आहे. वेस क्रेव्हनने या मौनाला तडा दिला. एल्म स्ट्रीटचा फ्रेडी क्रूगर बोलतो, टोमणे मारतो, पुढच्या भागांत तर खून करताना कोट्या करतो. विनोदवीराचं काम मारेकऱ्यानेच उचललं, आणि प्रेक्षक त्याच्यासाठी तिकीट काढू लागला. न्यू लाइन सिनेमा या छोट्या कंपनीला 'फ्रेडीने बांधलेलं घर' म्हणू लागले ते उगाच नव्हे.

घोळक्यात कोण नसतं, हेही बघायला हवं. 'हॅलोविन'च्या हॅडनफील्डमध्ये कुणी कृष्णवर्णीय मित्रमैत्रीण नाही. नंतरच्या चित्रपटांत एखादा येतो, तो बहुधा दुय्यम असतो आणि दुय्यम म्हणून मरतो. 'कृष्णवर्णीय पात्र आधी मरतं' हे वाक्य तिथून चलनात आलं. शब्दशः घेतलं तर ते अनेकदा खोटं ठरतं. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या पाचव्या भागात (१९८५) रेजी हा कृष्णवर्णीय मुलगा शेवटपर्यंत वाचतो. पण वाक्यामागची तक्रार मोजदादीची नव्हती, गोष्ट कुणाची आहे याची होती. 'स्क्रीम २'च्या (१९९७) सुरुवातीला चित्रपटगृहात आलेली मॉरीन नेमकी हीच तक्रार करते आणि पडद्यासमोर, टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांच्या देखत मरते. पुढे 'द ब्लॅकनिंग'ने (२०२२) सगळेच मित्र कृष्णवर्णीय घेऊन आता आधी कोण मरणार, हा प्रश्नच विनोदाचा विषय केला.

साच्यांचे नियम झाले ते मात्र 'स्क्रीम'मध्ये. केव्हिन विल्यमसनच्या पटकथेत व्हिडिओच्या दुकानात काम करणारा रँडी पार्टीत उभा राहून जिवंत राहण्याचे नियम वाचून दाखवतो: शरीरसंबंध नको, दारू आणि अमली पदार्थ नकोत, 'आलोच' म्हणून खोलीबाहेर जायचं नाही. जेस, लॉरी आणि अ‍ॅलिस या तिघींनी मिळून यातले बहुतेक नियम मोडले होते, हे रँडी सांगत नाही. नायिका सिडनीही पहिला नियम मोडते आणि वाचते. तरी पुढच्या लेखकांनी उचलले ते रँडीचेच शब्द. एका पात्राने मारलेली मल्लिनाथी शास्त्र होऊन बसली.

ड्रू गॉडर्डच्या 'द कॅबिन इन द वुड्स'ने (२०१२) या शास्त्राची उलटतपासणी केली. जमिनीखालच्या कार्यालयात बसलेली पगारदार माणसं पाच तरुणांचा बळी चढवतात, पण पाच ठरलेल्या भूमिका भरल्याशिवाय विधी पुरा होत नाही: चवचाल मुलगी, खेळाडू, पंडित, विदूषक आणि कुमारिका. अडचण अशी की आलेले पाच जण तसे नाहीतच. खेळाडू ठरवलेला मुलगा समाजशास्त्राचा हुशार विद्यार्थी आहे, चवचाल ठरवलेल्या मुलीच्या केसांच्या रंगात रसायन मिसळून तिची बुद्धी मंद करावी लागते, आणि कुमारिका कुमारिका नाही, तिच्यावरच भागवून घ्यावं लागतं. विदूषक तेवढा हाती लागत नाही, कारण त्याच्या गांजामुळे त्याच्यावर रसायनांचा परिणामच होत नाही.

हा साचा मराठीत आला तेव्हा भूमिकांची अदलाबदल झाली. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'वर (१९९३) 'चाइल्ड्स प्ले'ची (१९८८) छाप उघड आहे: पोलिसाच्या गोळीने मरणारा गुन्हेगार मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो. अमेरिकी चित्रपटात बाहुला लहान मुलाच्या हाती पडतो आणि मूल सांगतं ते कुणाला खरं वाटत नाही. कोठारेंनी त्या मुलाच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या बसवला. म्हणजे जो तिकडे पहिल्या तासाभरात संपतो तो विनोदवीर इथे गोष्टीच्या केंद्राशी आला, त्याच्यावर कुणी विश्वास न ठेवणं हेच हसण्याचं आणि भिण्याचं कारण झालं, आणि पोलिस इन्स्पेक्टर महेश जाधव तर नेमक्या वेळी पोचणारा निघाला. रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांनी रंगवलेला तात्या विंचू लोकांच्या जिभेवर राहिले. त्याच दशकात रामसे बंधूंनी एल्म स्ट्रीटवरून 'महाकाल' हा हिंदी चित्रपट बेतला, त्यातही जॉनी लिव्हरला मोठी जागा आहे. विनोदी नट पोस्टरवर असेल तर त्याला मध्यंतरापूर्वी मारणं इथल्या निर्मात्याला परवडणारं नव्हतं.

अलीकडचे चित्रपट या पात्रांना पूर्वीपेक्षा मोकळेपणाने वागवतात. टी वेस्टच्या 'एक्स'मध्ये (२०२२) पॉर्नपटाच्या चित्रीकरणाला आलेल्या टोळीतून नटी मॅक्सीन वाचते, आणि तिची आणि खुनी म्हातारीची अशा दोन्ही भूमिका मिया गॉथनेच केल्या आहेत. ख्रिस नॅशच्या 'इन अ व्हायलंट नेचर'मध्ये (२०२४) कॅमेरा बराच वेळ मारेकऱ्याच्या पाठीमागून जंगलात चालत राहतो. शेकोटीभोवतीची मुलं, त्यांचे विनोद, त्यांची भांडणं दुरून अर्धवट ऐकू येतात, आणि तेवढ्यावरून कोण कोण आहे हे प्रेक्षक बिनचूक ओळखतो.

पुढच्या पानांत या पात्रांची भेट होईल ती त्यांच्या महत्त्वानुसार नव्हे, तर ज्या क्रमाने ती सहसा मरतात त्या क्रमाने. म्हणून पोस्टरवरची खोटी नायिका पहिली, मग जोडपं, विनोदवीर आणि इशारा देणारा म्हातारा. पोलिस आणि डॉक्टर बऱ्याच उशिरा येतात. शेवटून दुसरं प्रकरण शेवटच्या मुलीचं आहे. सर्वांत अखेरचं मारेकऱ्यासाठी राखलं आहे, कारण पुढच्या भागासाठी तो लागतो.